‘इतक्या मार्कांत मिळेल का?’ : नीट, रँक आणि चॉइस फिलिंग

(इंदूरमधल्या मराठी पालक-विद्यार्थ्यांसमोर दिलेल्या व्याख्यानाचा संपादित मजकूर)

नमस्कार मंडळी. आज हॉलमध्ये मुलांपेक्षा आई-बाबाच जास्त दिसतायत, आणि माझ्या फोनवर गेले कित्येक दिवस एकच प्रश्न येतोय, “सर, नीटला, म्हणजे मेडिकलच्या प्रवेश परीक्षेला, इतके मार्क आहेत, आपलं इंदूरचं सरकारी कॉलेज एमजीएम मिळेल का?” मी प्रत्येकाला उलट विचारतो, मार्क राहू द्या, रँक किती? तर कितीतरी घरांत रँक पाठच नसते, मार्क मात्र शेजारच्यांनाही पाठ असतात. म्हणून आज मुख्यतः ह्याच एका गोष्टीवर बोलणार आहे, मार्कांवरून कॉलेज कळत नाही, रँकवरून कळतं, आणि रँकसुद्धा एकटी काही सांगत नाही, तिच्यासोबत कॅटेगरी, डोमिसाइल म्हणजे कुठल्या राज्याचे रहिवासी ते, आणि सीटवाटपाचा राउंड बघावा लागतो.

मार्कांवर विश्वास का ठेवायचा नाही ते बघा. 2024 ला 720 पैकी 650 मार्कांवर ऑल इंडिया रँक जवळपास तीस हजार होती. ओपनच्या मुलाला 650 असूनसुद्धा ऑल इंडिया कोट्यातून, म्हणजे सरकारी कॉलेजांत देशभरातल्या मुलांसाठी ठेवलेल्या 15 टक्के सीटांतून, पहिल्या राउंडला सरकारी सीट लागत नव्हती, घरात सगळे हवालदिल. पुढच्याच वर्षी, 2025 ला, फिजिक्सचा पेपर असा काही निघाला की देशात पहिल्या आलेल्या मुलालाच 686 होते आणि 650 च्या वर जेमतेम सत्तर-पंचाहत्तर मुलं. म्हणजे तेच 650, एका वर्षी सीटसाठी वणवण आणि दुसऱ्या वर्षी देशात पहिल्या शंभरात. आता सांगा, मागच्या वर्षी ताईच्या मुलाला अमुक मार्कांत भोपाळचं गांधी मेडिकल मिळालं म्हणून ह्या वर्षी आपल्यालाही मिळेल, हा हिशोब कसा लागणार?

ते जे प्रेडिक्टर असतात ना, मार्क टाका कॉलेज बघा, ते आत काय करतात तर मागच्या वर्षीच्या क्लोजिंग रँकशी, म्हणजे त्या कॉलेजात ज्या शेवटच्या रँकला सीट मिळाली तिच्याशी, तुमचा आकडा जुळवतात, बस. त्यात मार्क टाकले की ते आधी मार्कांवरून रँकचा अंदाज करणार, मग रँकवरून कॉलेजचा, म्हणजे अंदाजावर अंदाज. रिझल्ट लागल्यावर स्कोअरकार्डवर खरी रँक छापलेली असते, तीच वापरा. आणि क्लोजिंग रँक बघताना कुठल्या राउंडची आहे ते आधी वाचा, पहिल्या राउंडची वेगळी, तिसऱ्याची वेगळी, कधीकधी हजारोंचा फरक असतो.

अजून एक, हे फार जीव तोडून सांगतोय. क्वालिफाय होणं म्हणजे सीट मिळणं नाही. जनरलला 50 परसेंटाइल लागतं हे ऐकून लोकांना वाटतं 720 चे निम्मे, 360. तसं नाही हो. परसेंटाइल म्हणजे तुमच्या मागे किती टक्के मुलं आहेत ते. 2025 ला जनरलचा क्वालिफाइंग कटऑफ 144 होता. त्या वर्षी साधारण 22 लाख मुलं बसली, 12 लाखांवर क्वालिफाय झाली, आणि एमबीबीएसच्या सीटा देशभरात सव्वा लाखाच्या आसपास, त्यातल्याही साधारण निम्म्याच सरकारी. म्हणजे दहा क्वालिफाय मुलांमागे एकच सीट. घरात पेढे वाटून झालेले असतात आणि तेवढ्यात कुणाचा तरी फोन येतो, साहेब सीट पक्की करून देतो, फक्त अमुक रक्कम ॲडव्हान्स. ठेवून द्या तो फोन. मॅनेजमेंट असो, एनआरआय असो, एमबीबीएसची प्रत्येक सीट काउन्सेलिंगमधूनच, म्हणजे सरकारच्या सीटवाटपातूनच मिळते, बाहेर कुणाकडे विकायला नसते. ह्यात लोकांनी शेतं विकलेली आहेत, म्हणून आवाज चढवतोय, माफ करा.

आता आपल्या इंदूरच्या मराठी घरांतला खास प्रश्न. मामा पुण्याला, आत्या नाशिकला, मग पुण्याचं बीजे मेडिकल मिळालं तर किती बरं! मिळू शकतं, पण मराठी असल्याचा तिथे काही उपयोग नाही. महाराष्ट्राच्या 85 टक्के कोट्यासाठी साधारणपणे तिथलं डोमिसाइल आणि दहावी-बारावी तिथली लागते, आपली मुलं शिकली इथे, इंदूरच्या भंवरकुआंच्या कोचिंगमध्ये. म्हणजे त्यांच्यासाठी बीजेची वाट एकच, 15 टक्के ऑल इंडिया कोटा. हिशोब मांडून बघू. बीजेच्या सीटा 250, त्याचे 15 टक्के म्हणजे सदतीसेक. त्यातून 27 टक्के ओबीसी, 15 टक्के एससी, साडेसात टक्के एसटी, 10 टक्के ईडब्ल्यूएस काढा, ओपनला राहतात पंधरा. आणि त्या पंधरांवर अख्ख्या देशाची नजर. उलट आपल्या एमजीएमच्याही 250 सीटा आहेत, तिथे ऑल इंडियाच्या तेवढ्याच गेल्या आणि थोड्या भारत सरकारच्या नॉमिनींना, तरी दोनशेच्या वर मध्य प्रदेशच्याच मुलांना राहतात. राज्याची यादी वेगळी लागते, भोपाळहून डीएमई, म्हणजे राज्याचं वैद्यकीय शिक्षण संचालनालय काढतं, ऑल इंडिया काउन्सेलिंग दिल्लीची एमसीसी, म्हणजे केंद्राची मेडिकल काउन्सेलिंग कमिटी करते. दोन्हीकडे रजिस्ट्रेशन करायचं, एकीकडे केलं म्हणजे दुसरीकडे आपोआप होत नाही. आयुर्वेदचं तर तिसरीकडेच, एएसीसीसी ह्या आयुषच्या केंद्रीय कमिटीकडे.

जातीच्या दाखल्याचंही तसंच. ऑल इंडिया कोट्याला केंद्राची ओबीसी यादी चालते, राज्याला राज्याची. काही जाती एका यादीत आहेत आणि दुसरीत नाहीत. सेंट्रल फॉर्मॅटचा नॉन क्रीमी लेयर दाखला आधीच काढून ठेवा, राउंड सुरू झाल्यावर तहसीलमध्ये लाइन लावून काही होत नाही.

आता चॉइस फिलिंग, म्हणजे पसंतीच्या कॉलेजांची यादी भरणं, इथे चांगल्या रँकचीसुद्धा माती होते. काकू म्हणतात, एमजीएम वर टाकलं आणि नाही मिळालं तर खालचं पण हातचं जाईल, म्हणून मिळण्यासारखं आहे तेच पहिलं टाकू. अहो, तसं नसतं. सिस्टीम तुमच्या यादीत वरून खाली येते, पहिलं मिळत नसेल तर दुसरं बघते, दुसरं नसेल तर तिसरं. वर स्वप्नातलं कॉलेज टाकल्याने खालच्याचा चान्स एका पैशानेही कमी होत नाही. पण रीवा वर टाकलं आणि एमजीएम खाली, तर रीवा मिळत असताना सिस्टीम एमजीएमपर्यंत येणारच नाही. खरी पसंती ज्या क्रमाने आहे त्याच क्रमाने भरा, ग्वाल्हेर जबलपूरच्या वर हवं असेल तर वरच टाका, रँक बघून घाबरू नका. आणि जिथे खरंच जायचं नाही ते यादीत टाकूच नका. सीट मिळाल्यावर पुढच्या राउंडला यादीतलं वरचं कॉलेज मिळावं म्हणून अपग्रेड मागितलं आणि वरचं लागलं की जुनी सीट त्याच क्षणी जाते, परत मिळत नाही.

मागून एका ताईंनी विचारलंय की 2025 ला वादळात लाइट गेले त्या सेंटरला माझी मुलगी होती, तिचं काय. 4 मे चा तो दिवस इंदूरकर विसरणार नाहीत, अंधारात मुलं पेपर सोडवत होती. कोर्टात गेलेल्यांना आधी हायकोर्टाच्या एकल पीठाने पुन्हा परीक्षा द्या म्हटलं, मग खंडपीठाने तो आदेश रद्द केला. माझ्या मते त्या मुलांवर अन्याय झाला, हे मी उघड बोलतो. पण ताई, तो स्कोअर बदलणार नाही. ड्रॉप घ्यायचा, म्हणजे एक वर्ष थांबून पुन्हा नीट द्यायची, की नाही ते मार्कांवरून नका ठरवू, मुलीशी बोला, पुन्हा एक वर्ष तोच अभ्यास करायची तिची तयारी आहे का, हे तिलाच ठाऊक.

आणि शेवटच्या राउंडचं नीट ऐका. पहिल्या राउंडला सीट सोडली तर चालतं. पण तिसऱ्यात लागलेली सीट जॉइन केली नाही तर डिपॉझिट जातं, डीम्डचं, म्हणजे खासगी अभिमत विद्यापीठांचं तर दोन लाख, आणि उरलेल्या सीटांच्या शेवटच्या स्ट्रे राउंडमध्ये लागूनही गेला नाहीत तर पुढच्या वर्षी नीटलाच बसू देत नाहीत. त्यामुळे “बघू तर खरं काय लागतंय” म्हणून त्या राउंडला वीस लाख फीचं डीम्ड कॉलेज भरू नका. फॉर्म लॉक करायच्या आदल्या रात्री घरातल्या सगळ्यांनी बसून ती यादी वाचा, मुलांनाही सोबत घ्या, आणि कुठे अडलं तर मला फोन करा, रात्री उशिरा केला तरी चालेल.