घरीच शिकवायचं ठरवलं तर

नमस्कार श्रोतेहो. "पोराला शाळेत घालणार नाही, घरीच शिकवू," असं अमळनेर-भुसावळकडे कुणी म्हटलं, की आधी आजी रागावते, मग शेजारी चौकशीला येतात. अशा वेळी कुणीतरी बहिणाबाई चौधरींचा दाखला देतं, की त्या कुठे शाळेत गेल्या होत्या? दाखला चुकीचा आहे. बहिणाबाईंनी शाळा नाकारली नव्हती, त्यांच्या वाट्याला ती आलीच नव्हती.

ठरवून शाळा नाकारण्याची चळवळ अमेरिकेत १९७०च्या दशकात जोर धरू लागली. जॉन होल्ट हे स्वतः शिक्षक. नापास होण्याच्या धास्तीने मुलं विचार करायचंच सोडून देतात, हे त्यांनी वर्गात पाहिलं. आधी शाळा सुधारायची खटपट केली. ती आशा संपल्यावर १९७७ साली घरी शिकवणाऱ्या पालकांसाठी त्यांनी पत्रिका काढली. दुसरीकडे रेमंड आणि डोरोथी मूर हे दांपत्य लहान मुलांना शाळेत घालायची घाई नको, म्हणून सांगत होतं. त्यांच्यामागे धार्मिक घरं मोठ्या संख्येने आली. एकाला मुलाचं स्वातंत्र्य हवं, दुसऱ्याला घरचे संस्कार. एरवी एकमेकांच्या पंगतीला न बसणारी ही माणसं कायद्यासाठी मात्र एकत्र लढली, आणि १९९३पर्यंत पन्नासही राज्यांत घरशिक्षणाला मान्यता मिळाली. मला या चळवळीतली सगळ्यात गमतीची गोष्ट हीच वाटते.

आपल्याकडची कारणं साधी असतात: फी, दप्तराचं ओझं, शिकवण्यांचा ससेमिरा, किंवा वर्गात न रमणारं मूल. रावेरकडे केळीची गाडी भरताना काट्यापाशी उभं राहिलेलं पोरगं क्विंटलचा भाव, कटती, हमाली तोंडी मांडतं. हे गणित खरंच आहे. पण तिथून बीजगणितापर्यंत त्याला कुणीतरी न्यावं लागतं. हे काम बहुतेक घरांत आईवर येतं, स्वयंपाकपाणी आणि शेतातल्या कामावर आणखी एक पाळी. याबद्दल फारसं कुणी बोलत नाही.

कायद्याचं म्हणाल, तर २००९चा शिक्षणहक्क कायदा ६ ते १४ वर्षांच्या मुलांना शाळेत घालणं पालकांचं कर्तव्य मानतो, पण न घालणाऱ्या पालकांना शिक्षा सांगत नाही. त्याच कायद्याचा आधार ऊसतोडीला जाणाऱ्या घरांतल्या मुलांना आहे. दिवाळीच्या सुमारास चाळीसगावकडची बिऱ्हाडं निघतात, पोरांचं नाव हजेरीपटावर राहतं आणि पोरं फडात. त्यांना कुणी 'घरी शिकणारी' म्हणू लागलं, तर त्यांना शोधून वर्गात बसवायची जबाबदारीच उरणार नाही. म्हणून घरशिक्षणाला सरसकट मोकळीक द्यायला माझं मन घेत नाही.

तरीही कुणी विचार पक्का केला असेल, तर शाळेतून नाव काढण्याआधी परीक्षेची वाट बघून ठेवा. राष्ट्रीय मुक्त विद्यालयी शिक्षण संस्थेची (एनआयओएस) दहावी आहे, बाहेरून परीक्षेला बसण्यासाठी राज्य मंडळाचा १७ नंबरचा अर्ज आहे. दोन्हींच्या वयाच्या आणि कागदपत्रांच्या अटी वेगळ्या, आणि अर्जाची तारीख चुकली की वर्ष हातचं जातं.