वावरातली गांडुळं गेली कुठं?

यवतमाळ जिल्ह्यातलं हे कोरडवाहू कपाशीचं वावर. पोळा झालाय, पाऊस कालच उघडला, माती ओलीच आहे, म्हणजे गांडुळं वरच्या थरात सापडायलाच पाहिजेत असे हे दिवस.

आधी धुरा, म्हणजे वावराचा बांध बघू. इथं गवत आहे, पळसाचा पालापाचोळा आहे, फवारणीचा पंप कधी फिरत नाही. एक ढेकूळ उचलून हातानं फोडलं आणि हे बघा, आत आरपार भोकं नि त्यात चकचकीत ओलं गांडूळ. जरा जवळून बघा, अंगावर तो फिकट पट्टा दिसतोय ना, तो आला म्हणजे गांडूळ वयात आलं, आता अंडी घालणार. बाजूला बारीक गोळ्यांचा ढीग दिसतोय ती त्याची विष्ठा, पऱ्हाटीला, म्हणजे कपाशीच्या झाडाला, याच्याइतकं भारी खत दुकानात मिळत नाही.

आता दहा-बारा पावलं आत. माती तीच, पाऊस तोच, खड्डाही तेवढाच. ढेकूळ फोडलं तर गच्च, भोक नाही. मग मोहरीची पूड कालवलेलं पाणी ओतलं, ते कातडीला झोंबलं की गांडुळं वर येतात, अभ्यासक पण असंच मोजतात. बराच वेळ थांबलो. एक आलं, बारकंसं.

गांडुळाला फुप्फुस नसतं, ते ओल्या कातडीतूनच श्वास घेतं आणि वरून मातीच खातं, त्यामुळे मातीत पडलेलं औषध त्याला बाहेरून पण लागतं आणि पोटात पण जातं. लागवडीच्या वेळी शूट केलेली ही रंगीत सरकी बघा, पाकिटातूनच इमिडाक्लोप्रिड या कीटकनाशकाचा लेप लावून येते. झाड त्यातलं थोडंच ओढतं, बाकी मातीत. पुढं फवारणीतलं प्रोफेनोफॉस, क्लोरपायरीफॉस पानांवरून निथळत खाली येतं, आणि अळीच्या नसांवर घाव घालणारं औषध गांडुळाच्या नसा कशाला सोडेल? कमी डोसनं मरत नाही पण वजन घटतं, अंडी कमी होतात. आणि औषध गांडुळाला किती घातक हे तपासणारी 1984 पासूनची प्रमाणित चाचणी काय बघते, तर 14 दिवसांत मेली किती! तीही आयसेनिया फेटिडावर, म्हणजे शेणखताच्या ढिगातल्या लाल गांडुळावर, आपल्या काळ्या मातीतल्या नाही.

भोकं बुजली की पाणी मुरत नाही, पावसाचा खंड पडला की पऱ्हाटी आधी सुकते.

वावराच्या मालक काकांनी यंदा धुऱ्याकडचे चार तास, म्हणजे चार ओळी, फवारणीविना सोडल्यात, तिथं शेणखत आणि निंबोळी अर्क, बाकी काही नाही. पुढच्या पोळ्यानंतर तिथं खणायचं ठरलंय.