प्रोसेसर घेण्याआधी मदरबोर्डचं नाव वाचा

नमस्कार मंडळी. आज बोलायचंय ते घरच्या कॉम्प्युटरचा प्रोसेसर बदलण्याविषयी. सगळं मशीन नवीन घेण्याविषयी नाही. आहे ती कॅबिनेट, आहे तो एसएमपीएस (वीज पुरवणारा डबा), आहे ती रॅम ठेवायची, फक्त प्रोसेसर बदलायचा आणि पुढची काही वर्षं निश्चिंत काढायची, एवढ्यापुरतंच. पुष्कळ घरांत हे करता येतं हेच ठाऊक नसतं. ‘जुना झाला, आता नवीनच घ्या’ असं कुणीतरी सांगतं आणि उत्तम चालणारं मशीन माळ्यावर जातं. मला त्याचं फार वाईट वाटतं, कारण पैसा घरचा असतो आणि मशीनमध्ये अजून दम असतो.

दुकानात गेल्यावर पहिला प्रश्न बहुधा असा असतो: ‘आय फाइव्ह केवढ्याला बसेल?’ या प्रश्नाचं खरं उत्तर देताच येत नाही. आय फाइव्ह हे इंटेल कंपनीच्या प्रोसेसरचं नाव २००९ पासून चालत आलंय. २०१३ च्या आसपासचा डेस्कटॉपचा आय फाइव्ह साधारण ४ कोअरचा, म्हणजे स्वतंत्रपणे काम करणाऱ्या ४ भागांचा, असायचा. २०२२ चा आय फाइव्ह १२४०० हा ६ कोअर आणि १२ थ्रेडचा आहे (थ्रेड म्हणजे एका वेळी चालू शकणारी कामं). त्याच वर्षीचा आय थ्री १२१००, म्हणजे नावाने खालचा, तो २०१३ च्या आय फाइव्हला सहज मागे टाकतो. नावातला थ्री, फाइव्ह, सेव्हन हा त्या-त्या पिढीतला दर्जा आहे. पिढी सोडून तो आकडा वाचला तर फसगत ठरलेली.

गिगाहर्ट्झचंही, म्हणजे प्रोसेसरचे सेकंदाला किती अब्ज ठोके पडतात त्याचंही, तेच. २००४ मध्ये इंटेलचा पेंटियम ४ थेट ३.८ गिगाहर्ट्झपर्यंत पोहोचला होता. पुढे वेग वाढवायचा तर उष्णता आवरेना. २००६ मध्ये कोअर २ ड्युओ आला, त्यातले बरेचसे प्रोसेसर अडीच गिगाहर्ट्झच्या आतबाहेरचे, आणि त्यांनी पेंटियम ४ ला साफ मागे टाकलं. दर ठोक्याला किती काम उरकतं हे तेव्हापासून जास्त महत्त्वाचं झालं, आणि तो आकडा खोक्यावर छापलेला नसतो.

आता मुद्द्यावर येऊ. पैसे काढण्याआधी एक गोष्ट स्वतः बघा: मशीन अडतंय ते नक्की कुठे? विंडोजमध्ये कंट्रोल, शिफ्ट आणि एस्केप एकदम दाबा, टास्क मॅनेजर उघडेल. त्यात परफॉर्मन्सचं पान घ्या. मग जे काम करताना तुम्ही वैतागता तेच काम सुरू करा आणि बघत बसा. डिस्कचा आकडा १०० टक्क्यांवर चिकटलेला आणि सीपीयू, म्हणजे प्रोसेसर, २०-२५ वर, असं दिसलं तर नवा प्रोसेसर घेऊन काहीही होणार नाही. तुमच्याकडे बहुधा अजून फिरणारी हार्डडिस्क आहे, तिच्याजागी एसएसडी, म्हणजे आत काहीच न फिरणारी डिस्क, टाका. साधी साटा एसएसडीसुद्धा सेकंदाला ५०० एमबीच्या पुढे वाचते, हार्डडिस्क दीडशेच्या आसपास दमते. आणि छोट्या-छोट्या फायली इकडून तिकडून गोळा करायच्या असतील, जे विंडोज सुरू होताना सतत चालतं, तिथे तर दोघींची तुलनाच नको. रॅम भरलेली दिसली तर रॅम वाढवा. निम्म्याहून जास्त तक्रारी इथेच मिटतात, असा माझा अनुभव आहे.

पण सीपीयूचा आकडा बघताना एक खाचखळगा आहे. १२ थ्रेडच्या प्रोसेसरवर एखादा प्रोग्रॅम एकच थ्रेड वापरत असेल आणि तो पूर्ण क्षमतेने राबत असेल, तर एकूण आकडा जेमतेम ८ टक्के दिसतो. तुम्हाला वाटतं प्रोसेसर रिकामा आहे. प्रत्यक्षात काम अडलंय ते त्याच्यापाशीच. म्हणून आलेखावर उजवं क्लिक करून लॉजिकल प्रोसेसर, म्हणजे हेच थ्रेड, वेगवेगळे दाखवायला सांगा. विंडोज काम एका कोअरवरून दुसऱ्यावर हलवत असतं, त्यामुळे चित्र थोडं विस्कळीत दिसेल, पण एखाददुसरा चौकोन वर आणि बाकीचे तळाला, असं वारंवार दिसलं की समजा: जास्त कोअर नकोत, प्रत्येक कोअर जास्त वेगवान हवा.

याला गणिताचा आधार आहे. जीन अॅमडाल यांनी १९६७ मध्ये मांडलेला नियम आजही तंतोतंत लागू पडतो. समजा एखाद्या कामाचा १० टक्के भाग असा आहे की तो वाटून करताच येत नाही, एकामागून एकच करावा लागतो. उरलेला ९० टक्के भाग सगळ्या कोअरमध्ये वाटता येतो. ६ कोअर लावले तर काम ४ पट वेगाने होतं. १२ कोअर लावले तर ८ पट होत नाही, साधारण ५.७ पट होतं. कोअर दुप्पट झाले, बहुतेक वेळा पैसेही भरपूर वाढले, आणि मिळकत दीडपटीच्याही आत. व्हिडिओ एन्कोड करणं, ब्लेंडर या थ्रीडी सॉफ्टवेअरमध्ये प्रोसेसरवर रेंडर काढणं, मोठा प्रोग्रॅम कंपाइल करणं, ही कामं छान वाटली जातात. तिथे कोअर जरूर घ्या. हिशेबाचं सॉफ्टवेअर, ब्राउझर, एक्सेल, फोटोवरचं साधं काम आणि बरेचसे गेम यांच्यासाठी ६ चांगले कोअर पुरतात. दुकानात १२ आणि १६ कोअरचं कौतुक ऐकाल तेव्हा हे डोक्यात राहू द्या.

बरं, प्रोसेसरच अडतोय हे ठरलं. पुढचा प्रश्न मदरबोर्डचा, म्हणजे प्रोसेसर ज्यावर बसतो त्या मुख्य बोर्डचा. टास्क मॅनेजर बोर्डचं नाव सांगत नाही. त्यासाठी सीपीयू-झेड हा छोटा मोफत प्रोग्रॅम टाका, किंवा कॅबिनेटची बाजू उघडून बोर्डवर छापलेलं नाव वाचा. त्या बोर्डच्या कंपनीच्या संकेतस्थळावर त्या मॉडेलच्या पानावर चालणाऱ्या प्रोसेसरची यादी असते, आणि प्रत्येकापुढे बायोसची, म्हणजे मशीन सुरू करणाऱ्या बोर्डवरच्या प्रोग्रॅमची, कोणती आवृत्ती हवी तेही लिहिलेलं असतं. ती यादीच प्रमाण. पिना जुळतात म्हणून प्रोसेसर चालेलच असं नाही. इंटेलच्या सहाव्या-सातव्या पिढीचं सॉकेट, म्हणजे बोर्डवरची प्रोसेसरची खाच, एलजीए ११५१. ऑक्टोबर २०१७ मध्ये आठवी पिढी आली, तीही एलजीए ११५१. खाचेत बसते, पण जुन्या बोर्डवर चालत नाही. हे इंटेलने ग्राहकांशी बरं केलं नाही, असं माझं स्पष्ट मत आहे. त्यानंतर २०२० मध्ये एलजीए १२००, २०२१ मध्ये एलजीए १७००, २०२४ मध्ये एलजीए १८५१. यात एलजीए १७०० वर बारावी, तेरावी, चौदावी अशा तीन पिढ्या चालतात, त्यामुळे ज्यांच्याकडे बाराव्या पिढीचा आय थ्री आहे त्यांना वर जायला वाव आहे. मात्र तेराव्या-चौदाव्या पिढीच्या वरच्या प्रोसेसरांत जास्त व्होल्टेजमुळे कायमचा बिघाड होण्याचा दोष निघाला होता. इंटेलने ऑगस्ट आणि सप्टेंबर २०२४ मध्ये त्यावर मायक्रोकोड, म्हणजे बायोसमधून प्रोसेसरला मिळणाऱ्या दुरुस्त्या, काढले आणि वॉरंटी दोन वर्षांनी वाढवली. तो प्रोसेसर घेतलात तर आधी बायोस अपडेट, मग बाकीचं.

इंटेलची प्रतिस्पर्धी कंपनी एएमडी, तिचं एएम४ सॉकेट मात्र या बाबतीत खरंच ग्राहकाच्या बाजूने उभं राहिलं. एक ठोस मशीन घेऊ. २०१७ मध्ये घेतलेलं, एएमडीचा रायझन ५ १६०० प्रोसेसर, बी३५० चिपसेटचा (बोर्डवरच्या मुख्य नियंत्रक चिपचा) बोर्ड, १६ जीबी डीडीआर४ रॅम, वेगळं ग्राफिक्स कार्ड. अशी मशीन आपल्याकडे खूप आहेत. या मशीनचं दुखणं दुहेरी आहे. एक तर प्रत्येक कोअर आता हळू वाटतो. दुसरं म्हणजे विंडोज १० चा नेहमीचा आधार १४ ऑक्टोबर २०२५ ला संपला आणि विंडोज ११ च्या अधिकृत यादीत रायझनची पहिली पिढी नाही. पण २०२२ मध्ये एएमडीने जुन्या चिपसेटच्या बोर्डांनाही ५००० मालिका चालवायची वाट मोकळी केली. तेव्हा इथे रायझन ५ ५६०० बसतो.

आता खोक्यावरचे आकडे शेजारी-शेजारी ठेवून बघा. जुना १६००: ६ कोअर, १२ थ्रेड, ६५ वॅट. नवा ५६००: ६ कोअर, १२ थ्रेड, ६५ वॅट. वरवर पाहणारा म्हणेल, काय फरक पडला? फरक आतल्या रचनेत आहे. जुन्यात १६ एमबीची एल३ कॅश, म्हणजे प्रोसेसरच्या आतलीच वेगवान मेमरी, ८-८ अशी दोन तुकड्यांत विभागलेली होती. एका बाजूच्या कोअरला दुसऱ्या बाजूचा डेटा हवा तर लांबचा फेरा पडायचा. नव्यात ३२ एमबी कॅश आहे आणि सहाही कोअर ती एकत्र वापरतात. कमाल वेग ३.६ वरून ४.४ गिगाहर्ट्झवर गेला, आणि दर ठोक्याला होणारं काम तर मधल्या पिढ्यांत चांगलंच वाढलं. वॅट तेवढेच राहिल्यामुळे एसएमपीएस बदलायची गरज नाही, आणि प्रोसेसर थंड ठेवणारा कूलर खोक्यातच येतो. यालाच मी चांगलं अपग्रेड म्हणतो.

इथे नावांची खबरदारी घ्या. रायझन ५ ५५०० हा ५६०० पेक्षा थोडा स्वस्त म्हणून पुढे केला जातो. त्याची एल३ कॅश निम्मी, १६ एमबी. गेम खेळणाऱ्याला तो फरक जाणवतो. ५६००जी मध्ये ग्राफिक्स आहे, कॅश मात्र १६ एमबीच. वेगळं ग्राफिक्स कार्ड नसेल तर जी घ्यावाच लागतो, कारण साध्या ५६०० मध्ये ग्राफिक्स नाहीच; स्क्रीन काळीच राहील. इंटेलमध्ये शेवटी एफ असेल तर त्याचाही अर्थ हाच: १२४०० मध्ये ग्राफिक्स आहे, १२४००एफ मध्ये नाही. ज्यांना निव्वळ गेमसाठी हवाय त्यांना ५८००एक्स३डी उत्तम, त्यात कॅशचा आणखी एक थर वर चढवून ती ९६ एमबी केली आहे. पण हिशेब लिहिणाऱ्याला त्या थराचा काडीचा उपयोग नाही, त्याने त्यासाठी पैसे देऊ नयेत.

मग एएम५ का नको, असं विचाराल. सप्टेंबर २०२२ मध्ये आलेलं हे सॉकेट चांगलंच आहे, पण ते फक्त डीडीआर५ रॅम घेतं. म्हणजे प्रोसेसर, बोर्ड, रॅम तिन्ही नवीन. रॅमचे भाव चढे असताना तर हे गणित अजिबात जमत नाही. हाताशी डीडीआर४ असेल आणि यादीत नवा प्रोसेसर असेल, तर तोच घ्यावा.

आता हाताने करायच्या कामाविषयी जरा सावकाश सांगतो. बायोस आधी अपडेट करायचा, जुना प्रोसेसर जागेवर असतानाच. नवा बसवल्यावर जुन्या बायोसला तो ओळखूच येणार नाही आणि अपडेट करायला मशीनच सुरू होणार नाही. काही बोर्डांना मधली एखादी आवृत्ती टाकून मग शेवटची टाकावी लागते, ते त्याच पानावर लिहिलेलं असतं. अपडेट चालू असताना वीज गेली तर बोर्ड निकामी होऊ शकतो. भारनियमनाचा भाग असेल तर यूपीएस लावल्याशिवाय हात लावू नका.

दुसरं, ड्राइव्ह एन्क्रिप्ट केलेला असेल, म्हणजे बिटलॉकर चालू असेल, तर त्याची रिकव्हरी की आधी कागदावर लिहून घ्या आणि बिटलॉकर तात्पुरता थांबवा. रायझनमध्ये टीपीएम, म्हणजे कुलपांच्या किल्ल्या सांभाळणारा सुरक्षेचा भाग, प्रोसेसरशी बांधलेला असतो, त्याला एफटीपीएम म्हणतात. प्रोसेसर बदलल्यावर पहिल्यांदा सुरू करताना बोर्ड एफटीपीएम नव्याने सुरू करू का असं विचारतो, वाय किंवा एन दाबायला सांगतो. की हाताशी नसताना वाय दाबलात तर कुलूपबंद डेटा परत मिळणं अवघड.

तिसरं, कूलर काढणं. एएम४ मध्ये पिना प्रोसेसरलाच असतात, १३३१ नाजूक पिना. कूलर आणि प्रोसेसरच्या मधली वर्षानुवर्षांची थर्मल पेस्ट सुकून चिकटलेली असते. कूलर सरळ वर ओढला तर प्रोसेसर बंद खाचेतून त्याच्यासकट उपटून येतो आणि पिना वाकतात. म्हणून आधी दहा-पंधरा मिनिटं मशीनवर जड काम चालवा, पेस्ट गरम होऊन मऊ होईल. मग बंद करून, प्लग काढून, कूलरचे स्क्रू सोडा आणि कूलर डावी-उजवीकडे हलका-हलका फिरवा. तो मोकळा झाल्याचं हाताला कळतं. तेव्हाच उचला. नवा प्रोसेसर ठेवताना कोपऱ्यावरचा सोनेरी त्रिकोण खाचेच्या त्रिकोणाशी जुळवा. तो स्वतःच्या वजनाने आत बसला पाहिजे, दाबायचं नाही. आपल्याकडे विदर्भ-खानदेशात मे महिन्यात खोलीतली हवाच ४० अंशांच्या पुढे असते, तेव्हा कॅबिनेटमधली धूळ त्याच दिवशी झाडून घ्या आणि पंख्यांची दिशा तपासा.

शेवटी एक प्रश्न मघाशी चिठ्ठीवर आलाय: वापरलेला प्रोसेसर घ्यावा का? जरूर घ्यावा. नीट वापरलेला प्रोसेसर सहसा बिघडत नाही. बोर्ड आणि एसएमपीएस त्याच्या कितीतरी आधी जातात. एएम४ असेल तर पिनांचे चारही बाजूंनी जवळून काढलेले फोटो मागा, वरचं कोरलेलं नाव स्वतः वाचा, आणि इंटेलचा तेरावा-चौदावा वरचा प्रोसेसर वापरलेला अजिबात घेऊ नका. मुंबईत लॅमिंग्टन रोडला किंवा दिल्लीला नेहरू प्लेसला घेत असाल तर तिथेच बोर्डवर लावून मशीन सुरू करून दाखवायला सांगा आणि सीपीयू-झेडमधलं नाव व कॅशचा आकडा बघूनच पैसे द्या.