बोर्डोचे दोन काठ

श्रोतेहो, नमस्कार. अथणी, कागवाड भागातल्या द्राक्ष बागायतदारांना बोर्डो काही नवं नाही. मोरचूद आणि चुना कालवून आपण डाऊनी या बुरशीच्या रोगावर मारतो, तेच. ते निघालं फ्रान्समधल्या बोर्डो या वाईनच्या मुलखातून. रस्त्याकडेचे घड वाटसरूंनी तोडू नयेत म्हणून तिथले शेतकरी वेलींवर हे निळसर पाणी शिंपडायचे. त्याच वेली डाऊनीतून वाचतात, हे मिलार्दे नावाच्या प्राध्यापकांनी हेरलं आणि १८८५ साली जाहीर केलं. योजलं होतं चोरांसाठी, लागू पडलं बुरशीला!

पण आज औषधाचं नाही, तिथल्या द्राक्षांच्या जातींचं बोलायचंय. गारोन आणि दोर्दोन्य या नद्या एकत्र येऊन जिरोंदची खाडी होते. तिच्या डाव्या काठाला मेदोक. जमीन खड्यागोट्यांची, पाणी थांबत नाही, ऊन धरून ठेवते. तिथं काबर्ने सोव्हिन्यों: बारीक मणी, जाड साल, पिकायला उशीर. साध्या गार जमिनीत ती तिकडच्या हवेत पुरती पिकतच नाही. उजव्या अंगाला सेंत-एमिलियों आणि पोमेरोल. तिथं चिकणमाती, चुनखडी, ओल टिकणारी. म्हणून मेर्लो, ती लवकर तयार होते. पण तिला कोंबही लवकर फुटतात, त्यामुळं वसंतातलं हिम आधी तिलाच गाठतं. दोन्ही जातींची वाईन बहुधा मिसळूनच भरतात. एका साली एक फसली तर दुसरी सावरते. आपल्याकडे जात ठरते ती शेजाऱ्याची बाग बघून, जमीन बघून नव्हे. तोडणीला मग सगळ्यांचाच माल एकदम येतो.

मुळं खाणाऱ्या फायलोक्झेरा किडीनं एकोणिसाव्या शतकात तिथल्या बागा उठवल्या, तेव्हापासून अमेरिकन खुंटावर, म्हणजे मुळाकडच्या वेलीवर, कलम. आपला डॉगरीज खुंटही अमेरिकेचाच, फक्त आपण तो लावतो खारं पाणी आणि दुष्काळापायी.

सगळ्यात नवल सोतेर्नचं, बोर्डोतल्याच गोड वाईनच्या भागाचं. तिथली मुख्य जात सेमियों. सिरों ही गार पाण्याची छोटी नदी गारोनला मिळते आणि शरदात पहाटे धुकं दाटतं. आपल्याला धुकं दिसलं की झोप उडते. तिथं त्याची वाट बघतात. घडावर बोट्रायटिस बुरशी चढते, सालीतून मण्यातलं पाणी उडून जातं, साखर दाटते. वेलीवरच अर्धा बेदाणा म्हणा ना! मजूर त्याच बागेत पुन्हा पुन्हा फिरून तयार झालेले तेवढेच मणी खुडतात. मात्र दुपारी ऊन पडायलाच हवं, नाहीतर तीच बुरशी घड सडवते.

आता बोर्डोचेही उन्हाळे तापू लागलेत. २०२१ मध्ये सहा नव्या जातींना परवानगी मिळाली. त्यात पोर्तुगालची तुरिगा नासिओनाल आहे. पण एकदम मोकळीक दिलेली नाही: बागेच्या क्षेत्रात ५ टक्के आणि वाईनच्या मिश्रणात १० टक्के, त्यावर नाही.