गेरचं पाणी की पाणमोट?

तर विषय आहे पाणमोट, म्हणजे पोटात बाळाभोवती असणारी पाण्याची पिशवी, वेळेआधी फुटली तर उपचार काय. वीस मिनिटं दिलीत आणि सेक्रेटरी वहिनी घड्याळ घेऊन समोरच बसल्यात, पण आधी रंगपंचमीचा किस्सा सांगते, ज्यांनी ऐकलाय त्यांनी तोवर बटाटेवडा संपवावा.

माझी भाचेसून, ३१ आठवडे झालेले. राजवाड्याजवळ ओळखीच्यांच्या गॅलरीत आम्ही सगळ्या गेर बघायला. आता इंदुरात राहून गेर, म्हणजे रंगपंचमीची मिरवणूक, काय असते हे मी तुम्हाला काय सांगू, टँकरचं रंगीत पाणी वरच्या मजल्यावर येतं, सून काय नि आजेसासू काय, कोरडं कोणीच राहत नाही. घरी आल्यावर ती हळूच म्हणाली, आत्या, सारखं ओलं वाटतंय. आणि मी, जन्मभर बायकांच्या डिलिव्हऱ्या केलेली बाई, हसत काय म्हणाले असेन? अगं गेरचं पाणी मुरलंय, नाहीतर लघवी निसटली असेल, या दिवसांत होतं! झालं, दोन-तीन तास तसेच गेले. मग माझी वहिनी, जी साधी शिवणकाम करते, ती म्हणाली, हिने आंघोळ करून पांढरा परकर नेसलाय, तोही भिजला, आणि यात रंगाचा एक थेंब नाही, मग हे पाणी कुठलं? मी गप्प. डिग्री माझ्याकडे, डोकं तिच्याकडे.

आपल्याकडे शब्दांचाही घोळ आहे बघा. पांढरं गेलं तरी "अंगावरून जातंय", पाणी गेलं तरी "अंगावरून जातंय", फोनवर डॉक्टरने समजायचं काय? सरळ "पाणी जातंय" म्हणा, किती वाजता सुरू झालं ते सांगा, कोरडं पॅड लावून रंग-वास बघा. हिरवट, घाण वासाचं किंवा ताप असेल तर...

हो हो सेक्रेटरी वहिनी, पाचच मिनिटं. उपचार! ३७ आठवड्यांच्या आत फुटली तर भरतीच व्हायचं. कळा नसताना बोट घालून तपासणी शक्यतो नको, जंतू आत जातात, निर्जंतुक स्पेक्युलम, म्हणजे योनीमार्ग उघडून बघायचं साधन, लावून बघतात. जंतुसंसर्ग होऊ नये म्हणून अँटिबायोटिक, बहुतेकदा एरिथ्रोमायसिन दहा दिवस. बाळाची फुफ्फुसं तयार व्हावी म्हणून २४ ते ३४ आठवड्यांत स्टिरॉइड, बीटामेथासोन १२ मिलिग्रॅमची दोन इंजेक्शनं २४ तासांच्या अंतराने किंवा डेक्सामेथासोन ६ मिलिग्रॅमची चार, १२-१२ तासांनी. स्टिरॉइड म्हटलं की सासूबाई घाबरतात, पण न्यूझीलंडच्या लिगिन्स आणि हाउई यांनी १९७२ सालीच त्याचा फायदा दाखवलाय, त्याआधी मेंढ्यांवर प्रयोग करून. फारच लवकर डिलिव्हरी होणार असेल तर बाळाच्या मेंदूसाठी मॅग्नेशियम सल्फेट. आणि संसर्ग नसेल, बाळ ठीक असेल तर थांबायचं, रोज ताप, नाडी, बाळाचे ठोके बघत. नाळ खाली आली तर मात्र एक मिनिट थांबायचं नाही. आमची भाचेसून ३४ व्या आठवड्यापर्यंत थांबली, ते पोरगं यंदा गेरमध्ये नाचून आलं.

आता मागून कोणीतरी नारळपाण्याचं विचारलं. प्या की, पण आत पाणी होतं ते मुख्यतः बाळाच्या लघवीचं, आणि माठाला तडा गेल्यावर वरून ओतून तडा बुजतो का? पाणमोट शिवायचं काम माझ्या वहिनीलाही जमणार नाही. चला, चहा आला वाटतं.