केबल टाय: गाडीवर कुठे चालतो, कुठे नाही

मंडळी, इंदूरच्या सियागंज बाजारात केबल टाय, म्हणजे एका टोकाला डोकं आणि दुसऱ्याला शेपूट असलेली नायलॉनची पट्टी, मागितला की दुकानदार विचारतो, "छोटावाला दूँ या बड़ा?" आपण लांबी-रुंदी मिलिमीटरमध्ये सांगायची. भार रुंदी पेलते: अडीच मिलिमीटरचा साधारण 8 किलो, 3.6 चा 18, तर 4.8 चा 22. लांबी कमी पडली तर एकाचं शेपूट दुसऱ्याच्या डोक्यात घालून दोन टाय जोडता येतात. गाडीसाठी रंग काळाच घ्या. त्यात काजळी असते, ती ऊन अडवते. पांढरा टाय इंदूरच्या मे महिन्यात उन्हात उभ्या गाडीवर ठिसूळ होतो. नायलॉन पार वाळलं तरी तडकतं, म्हणून पाकीट नीट बंद करून ठेवा.

आता खरं कामाचं. गाडी आडवी पडली आणि बाजूच्या प्लास्टिकला तडा गेला, तर पॅनल लगेच बदलायला नको, शिवता येतं. आधी तडा जिथे संपतो तिथे 3 मिलिमीटरचं भोक पाडा, नाहीतर टाके घालूनही तो पुढे सरकत राहील. मग तड्याच्या दोन्ही बाजूंना, कडेपासून 8-10 मिलिमीटर सोडून, समोरासमोर भोकं घ्या. दोन टाक्यांत 20-25 मिलिमीटर अंतर. ड्रिल हळू चालवा, वेगात प्लास्टिक वितळून चिकटतं. अडीच मिलिमीटरचे टाय डोकं आतल्या बाजूला ठेवून सगळे आधी सैल ओवा, मग आळीपाळीने आवळा. पहिलाच करकचून ओढला की कडा एकमेकींवर चढतात आणि भोकही फाटतं. डोकं आतल्या वायरीवर घासत नाही ना, ते पाहून घ्या.

हँडलजवळची वायर बांधताना गडबड नेहमी एकच होते: हँडल सरळ असताना टाय आवळला जातो. बांधण्याआधी हँडल डावीकडे, उजवीकडे शेवटपर्यंत फिरवा, वायर कुठेही ताणली जाता कामा नये. खाली जुन्या ट्यूबचा तुकडा ठेवला की टाय घसरत नाही. क्लच किंवा अ‍ॅक्सिलरेटरची केबल मात्र आवळू नका. आवळली की आतली तार अडकत चालते.

सायकलची आरी (स्पोक) तुटली, तर ती शेजारच्या आरीला एका टायने बांधा आणि हळू घरी जा. चाक डगमगून ब्रेकच्या गुटक्याला लागत असेल, तर तो ब्रेक सैल करा आणि दुसऱ्यावर भिस्त ठेवा.

सायलेन्सरजवळ टाय नको. साध्या नायलॉनची मजल 85 अंशांपर्यंत. पेट्रोलच्या पाइपवरही नको. डोक्यापाशी टाय पाइपला नीट टेकत नाही, तिथून पेट्रोल झिरपतं. तिथे स्टीलची क्लिपच हवी. ब्रेकच्या पाइपची मूळ पकड तुटली तर तशीच नवी आणून बसवा, कारण सस्पेन्शन दबलं की तो पाइप हलावा लागतो.

उरलेलं शेपूट डोक्याला लागून सपाट कापा. नेलकटर चालतो. तिरपं कापलेलं टोक गाडी पुसताना ब्लेडसारखं बोट चिरतं. टाय परत वापरायचा असेल, तर डोक्यातलं छोटं दात टाचणीने उचलून धरा आणि पट्टी मागे ओढा. सीटखाली 3.6 रुंदीचे, 200 मिलिमीटर लांबीचे दहा-एक टाय, एक टाचणी आणि ट्यूबचा तुकडा असू द्या.