जुन्या कॉम्प्युटरवर जुने गेम: बायोस म्हणजे कुठलं बायोस?

नमस्कार मंडळी. मागच्या व्हिडिओखाली एकच रड आहे, "दादा, कॅसेटवाला काँट्रा चालतो, टेकन ३ लावला की काळी स्क्रीन." म्हणून परत बसलोय.

हे मशीन बघा. जुना आय-थ्री, ४ जीबी रॅम. २०१९ ला सांगलीत पाणी आलं तेव्हा घरातलं खालचं सगळं गेलं, हा डबा माळ्यावर होता म्हणून वाचला. आई म्हणते भंगारात दे. देतोय होय!

बाटोसेरा, म्हणजे जुने गेम चालवणारी लिनक्सवरची सिस्टीम, डाउनलोड करा, एचर नावाच्या प्रोग्रामनं ३२ जीबीच्या पेनड्राइव्हवर चढवा, त्यावरनं बूट करा. झालं. हे सगळ्यांना जमतं.

अडतं ते बायोसपाशी. एकानं लिहिलंय, "डिलीट दाबून बायोसमध्ये गेलो, फाइल टाकायला जागाच नाही." अरे लेका, ते मदरबोर्डचं, म्हणजे या कॉम्प्युटरचं स्वतःचं बायोस! पेनड्राइव्ह आधी बूट व्हावा एवढ्यापुरतं ते उघडलं, आता विसरा. मी म्हणतोय ते प्लेस्टेशनचं, टेकन ज्यावर चालायचा त्या सोनीच्या गेमच्या यंत्राचं. १९९४ च्या त्या यंत्रात एका चिपवर सुरुवातीचा प्रोग्राम असायचा, त्याचीच ही ५१२ केबीची फाइल. काँट्राचं सगळं कॅसेटमध्येच असतं, त्याला ही लागत नाही. टेकनची सीडी हिच्याकडंच बघत बसते.

फाइल ‘बायोस’ फोल्डरमध्ये. गेम ठेवतो त्या रॉम्स फोल्डरमध्ये नाही, गेमच्या शेजारी नाही. बायोसमध्ये!

आणि नाव. लिनक्सला मोठी एबीसीडी वेगळी, लहान वेगळी. एससीपीएच लहान अक्षरात, पुढं ५५०१, मग डॉट बिन. त्यात विंडोज शेवटचं डॉट बिन लपवतं, आपण शहाणपणा करून परत टाइप करतो, आणि नाव होतं बिन डॉट बिन. हसू नका, माझ्या दोन रात्री यात गेल्यात. भडंग संपलं, पण टेकन काय उघडला नाही.

"दादा, फाइलची लिंक द्या" म्हणणाऱ्यांनो, नाही देणार. त्यावर कंपनीचा हक्क आहे. स्वतःचं प्लेस्टेशन असेल तर त्यातनं काढा. आणि "भाऊ, पीएस ५ चालेल का" विचारणाऱ्यानं एकदा या डब्याकडं बघावं राव.

चला, एफ-वन दाबतो, फोल्डर उघडतो. बघा, इथं. बिन एकदाच आहे ना?